पाण्यातला छोटा जीव तोलताना: काट्यावरचा आकडा नेमका कशाचा?

पुढचं वाचण्याआधी एक प्रयोग करून पाहा. मिलिग्रॅमपर्यंत आकडा दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा छोटा बीकर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. जाळीनं कोळंबीचं एक पिल्लू उचला, बीकरमध्ये सोडा, आकडा लिहा. ते परत टाकीत सोडा आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा करा. असं पाच वेळा.

पाचही आकडे वेगळे येतील. पिल्लू तेच आहे, दहा मिनिटांत ते जाड-बारीक झालेलं नाही. काटाही बरा आहे: एखादा कोरडा नट पाच वेळा ठेवून बघा, आकडा जवळजवळ हलत नाही. मग बदलतं ते काय? पिल्लाबरोबर बीकरमध्ये आलेलं पाणी. अंगाला चिकटलेलं, पायांच्या बेचक्यात अडकलेलं, जाळीच्या कडेवरून टपकलेलं. ड्रॉपरचा एक थेंब साधारण 50 मिलिग्रॅम भरतो, आणि कोळंबीचं कोवळं पिल्लू स्वतःच काही मिलिग्रॅमचं असतं. म्हणजे एका थेंबात अख्खी झुंड झाकली जाते.

अशा वेळी पहिला विचार येतो तो आणखी एक दशांश स्थान दाखवणारा काटा आणण्याचा. मी याबद्दल आग्रहानं लिहितोय ते एवढ्यासाठीच, की चूक बहुतेक वेळा काट्यात नसतेच. ती पाण्यात असते आणि ते पाणी मोजता येतं. वजनाइतक्याच काळजीनं ते मोजायचं, बस.

चिकटलेलं पाणी किती असतं?

हिशोब सोपा करण्यासाठी जीव गोल आहे असं धरू आणि त्याच्या अंगावर पाण्याचा 0.1 मिलिमीटर जाडीचा थर आहे असं मानू. जीवाची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे आकारमानाचं गुणोत्तर म्हणजेच वजनाचं गुणोत्तर.

20 मिलिमीटर व्यासाच्या जीवावर हा थर शरीराच्या वजनाच्या 3 टक्के भरतो. 10 मिलिमीटरच्या जीवावर 6 टक्के. 2 मिलिमीटरच्या जीवावर 33 टक्के. आणि 1 मिलिमीटरच्या जीवावर तब्बल 73 टक्के. थर तोच, जाडी तीच. लांबी निम्मी झाली की वजन आठपट कमी होतं, पण पृष्ठभाग फक्त चौपट कमी होतो, म्हणून लहान जीवाला पाणी प्रमाणाबाहेर चिकटतं. खरे जीव गोल नसतात. त्यांना पाय, कल्ले, मिशा, केसासारखे काटे असतात, त्यामुळे प्रत्यक्षात पाणी याहून जास्तच येतं.

याचा परिणाम फक्त "वजन थोडं जास्त आलं" एवढ्यावर थांबत नाही. समजा पिल्लू 10 मिलिग्रॅमचं होतं आणि काही दिवसांनी 20 मिलिग्रॅमचं झालं. दोन्ही वेळा 3 मिलिग्रॅम पाणी सोबत आलं, तर वहीत 13 आणि 23 अशी नोंद होते. खरी वाढ 100 टक्के, वहीतली 77 टक्के. वाढीचा दर काढायला वजनांच्या नैसर्गिक लॉगॅरिदममधला (लॉगमधला) फरक घेत असाल, तर 0.693 ऐवजी 0.571 येतो, म्हणजे जवळपास 18 टक्के कमी. चूक दोन्ही वेळा सारखी आहे म्हणून ती फरक काढताना निघून जाईल, असं वाटतं. वजाबाकीत ती जातेही, पण गुणोत्तरात जात नाही. लांबी आणि वजनाच्या संबंधातला घातांकही याच कारणानं खाली ओढला जातो, कारण लहान पिल्लांचं वजन मोठ्यांच्या तुलनेत जास्त फुगतं.

एका प्रयोगात आम्ही दोघं आळीपाळीनं आठवड्याची वजनं घेत होतो. आलेखात वाढीची रेषा एक आठवडा वर उडायची, पुढच्या आठवड्यात बसायची. खाद्य, तापमान, पाण्याची तपासणी असं सगळं शोधून झालं. शेवटी एकमेकांच्या हाताकडे बघितलं. माझा सहकारी जाळी एकदा झटकून थेट बीकरवर न्यायचा, मी ती टिपकागदावर टेकवून मग न्यायचो. ती वर-खाली होणारी रेषा कोळंबीची नव्हती, आमच्या दोघांच्या मनगटांची होती.

काटा काय मोजतो आहे हे आधी ठरवा

पाण्यात तोलताना तीन वेगवेगळ्या रचना होतात, आणि तिन्हींत काटा वेगळी गोष्ट दाखवतो. इथला गोंधळ मी अनुभवी लोकांकडूनही ऐकला आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिली रचना: बीकर काट्यावर, जीव बीकरच्या आत मोकळा. तो तळाशी बसो, तरंगो किंवा पोहो, काटा त्याचं पूर्ण वजन दाखवतो. "पाण्यात वजन कमी होतं, मग आकडाही कमी येत असेल" ही शंका इथे लागू होत नाही. पाणी जीवाला वर ढकलतं, तेव्हा जीवही पाण्याला तेवढ्याच बळानं खाली ढकलतो, आणि ते सगळं बीकरच्या तळावर येतं.

दुसरी रचना: बीकर काट्यावर, पण जीव बाहेरच्या स्टँडवरून दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत सोडलेला, तळाला न टेकता. आता काटा फक्त त्या जीवानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो. हे जीवाचं वजन नव्हे. त्याला पाण्याच्या घनतेनं भागलं की जीवाचं आकारमान मिळतं.

तिसरी रचना: काट्याच्या खालच्या हुकाला दोरा, दोऱ्याला जीव, आणि खाली जमिनीवर वेगळ्या भांड्यात पाणी. इथे काटा बुडालेलं वजन दाखवतो, म्हणजे खरं वजन वजा प्लावक बल (पाणी जीवाला ज्या बळानं वर ढकलतं ते).

कवचवाल्या गोगलगायीचं उदाहरण घेऊ. समजा पाणी 25 अंशांचं आहे. गोगलगाय दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवली तेव्हा बीकरखालच्या काट्यानं 0.620 ग्रॅम दाखवले. दोरा सैल सोडून ती तळाला टेकवली तेव्हा 0.950 ग्रॅम. 25 अंशांना गोड्या पाण्याची घनता मिलिलिटरला 0.997 ग्रॅम असते, म्हणून आकारमान 0.622 मिलिलिटर, घनता सुमारे 1.53 आणि दोन आकड्यांमधला फरक, 0.330 ग्रॅम, हे तिचं बुडालेलं वजन. एकाच बीकरमध्ये तीन गोष्टी हाती लागल्या.

यातूनच एक खबरदारी निघते. आकडा वाचताना चिमटा, जाळी, थर्मामीटर किंवा हवेची नळी पाण्यात बुडलेली असेल, तर तिनं सारलेल्या पाण्याचं वजनही काट्यावर येतं. जाळीच्या कडेचा 0.2 मिलिलिटर भाग पाण्यात राहिला तर आकडा 0.2 ग्रॅमनं, म्हणजे 200 मिलिग्रॅमनं वाढतो. हात बाहेर, सगळी साधनं बाहेर, मगच वाचायचं.

बीकरमध्ये जिवंत जीव तोलण्याची पद्धत

काटा किमान अर्धा तास आधी सुरू करा. टेबल हलत नाही, पंख्याचा किंवा एसीचा झोत काट्यावर येत नाही, हे बघा. बीकरमधलं पाणी जीवाच्या टाकीतलंच घ्या. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या पाण्यात टाकला तर त्याच्या शरीरातल्या पाण्याचं प्रमाण बदलू लागतं आणि त्याला त्रासही होतो. मात्र टाकीचं पाणी खोलीपेक्षा थंड किंवा गरम असेल तर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा. थंड भांड्याभोवतीची हवा खाली सरकते, बाहेरून दव धरतं आणि आकडा जास्त येतो. गरम भांड्याच्या बाबतीत उलट होतं. काट्याच्या काचेच्या पेटीत हे फार जाणवतं.

भांडं अरुंद घ्या. उघड्या पाण्याची वाफ होत राहते आणि 5 सेंटिमीटर तोंडाच्या बीकरमधून मिनिटाला काही मिलिग्रॅम पाणी उडून जातं. 2 सेंटिमीटर तोंडाच्या भांड्यात उघडा पृष्ठभाग सहापटीहून कमी होतो. तुमच्या खोलीत किती उडतं हे बघायला नुसतं पाणी काट्यावर ठेवा आणि दहा मिनिटं दर मिनिटाला आकडा लिहा. दर मिनिटाला 4 मिलिग्रॅम कमी होत असतील आणि शून्य करण्यापासून वाचण्यापर्यंत तीन मिनिटं जात असतील, तर 12 मिलिग्रॅम कुठे गेले ते कळलं. याला चांगला उपाय असा: जीव सोडण्याआधी तीन आकडे एकेक मिनिटानं घ्या, सोडल्यानंतर आणखी तीन घ्या. कागदावर दोन समांतर उतरत्या रेषा काढा आणि जीव सोडला त्या क्षणी त्यांच्यातलं अंतर मोजा. वाफेची चूक त्यात आपोआप निघून जाते.

आता जाळी. जाळी आधी ओली करून घ्या, कोरडी जाळी पाणी शोषते. जीव उचलल्यावर जाळीचा तळ दुमडलेल्या टिश्यू पेपरवर टेकवा आणि ठरलेले सेकंद मोजा. मी 10 मोजतो. कागद खालून पाणी ओढून घेतो, जीवाला कागद लागत नाही. नंतर जाळी पाण्याच्या अगदी जवळ नेऊन उलटी करा, म्हणजे जीव घसरून पडेल आणि जाळी पाण्याला शिवणार नाही. शिवली तर काय होतं बघा: निथळलेली जाळी बीकरमध्ये शिरते, भिजून बाहेर निघते आणि जाताना बीकरमधलं पाणी घेऊन जाते. मग आकडा कमी येतो. म्हणजे जाळीची चूक नेहमी वरच्याच बाजूला असते असं धरून चालता येत नाही. एकाच सत्रात एकच जाळी आणि एकच हात ठेवा.

जीव पोहत असेल तर आकडा नाचतो. बीकरच्या आत तो कितीही धडपडला तरी पुरेशा वेळाची सरासरी त्याच्या खऱ्या वजनाइतकीच येते, कारण तो पाण्याला जेवढा खाली ढकलतो तेवढाच पुढच्या क्षणी वर ओढतो. अनेक काट्यांत हलणाऱ्या प्राण्यांसाठी सरासरीची सोय असते, ती चालू करा. नसेल तर दर दोन सेकंदांनी दहा आकडे घेऊन सरासरी काढा. उडी मारून थेंब बाहेर उडाला तर ते वजन रद्द करायचं. माशांना भूल द्यायची असेल तर एमएस-222 किंवा लवंगतेलातलं युजेनॉल वापरतात. एमएस-222 पाणी आम्ल करतं म्हणून त्यात खाण्याचा सोडा घालून समतोल साधावा लागतो. मात्रा त्या प्रजातीच्या मान्य पद्धतीतूनच घ्या, आणि भुलीचा उपयोग नुसता आकडा स्थिर व्हावा म्हणून करू नका. त्यासाठी सरासरी पुरते.

पाण्याचं वजन वेगळं काढणं

हा भाग टाळला तर वरची सगळी काळजी निम्मी वाया जाते. चार मार्ग आहेत, आणि मी एकाच मार्गावर कधी भिस्त ठेवत नाही.

सगळ्यात सोपी म्हणजे रिकामी फेरी. जीव न घेता तीच जाळी टाकीत बुडवा, तेवढेच सेकंद टिश्यू पेपरवर टेकवा, तसंच बीकरवर उलटी करा. आकड्यात जो बदल होतो तो जाळीचा वाटा. किमान दहा वेळा करा. सरासरी तर लिहाच, पण आकडे किती पसरलेत तेही लिहा. पण रिकाम्या फेरीत जीवाच्या अंगावरचं पाणी येत नाही, म्हणून ही दुरुस्ती अपुरीच राहते.

म्हणून दुसरा मार्ग, बदली मणी. जीवाच्या आकाराचे प्लास्टिकचे मणी घ्या. पॉलिस्टायरीन सगळ्यात चांगलं, कारण त्याची घनता 1.05 च्या आसपास, म्हणजे मऊ शरीराच्या जवळ असते. मणी कोरडे तोला. मग ते एक दिवस टाकीच्या पाण्यात ठेवा, म्हणजे पृष्ठभाग पाण्याला सरावेल. आता जीवासारखंच जाळीनं उचला, टिपा, बीकरमध्ये सोडा. कोरड्या वजनापेक्षा जितकं जास्त आलं तितकं पाणी. इथे खरं वजन आधीच माहीत असतं, त्यामुळे आपला हात किती शिस्तीत चालतो ते लख्ख दिसतं. नवीन माणसाला काम शिकवताना मी आधी मणीच तोलायला देतो. सलग दहा वेळा एकसारखं जमलं की मग जीव.

तिसरा मार्ग गटाचा. एक, पाच, दहा, वीस असे गट तोला आणि संख्येच्या समोर वजन मांडून सरळ रेषा काढा. रेषा शून्य संख्येपाशी उभ्या अक्षाला जिथे छेदते, तो जाळीचा स्थिर वाटा. रेषेचा चढ म्हणजे एका जीवाचं वजन अधिक त्याच्या अंगावरचं पाणी. अंगावरचं पाणी यातून सुटत नाही, हे ध्यानात असू द्या. आणि मोठ्या गटात जीव एकमेकांना चिकटतात, मधल्या फटींत पाणी धरून ठेवतात, त्यामुळे रेषा वाकू लागली तर गट लहान करा.

चौथा मार्ग मला सगळ्यात आवडतो, कारण तो चिकटलेलं पाणी थेट मोजतो. उचलण्याआधी जीव काही सेकंद खाण्याच्या रंगानं रंगवलेल्या, त्याच टाकीच्या पाण्यात ठेवा. तिथून तो बीकरच्या रंगहीन पाण्यात सोडा, हलकेच ढवळा. बीकरमध्ये आलेला रंग आणलेल्या पाण्याइतकाच असणार. रंगीत पाणी किती प्रकाश शोषतं (शोषण) हे मोजणारं उपकरण असेल तर हिशोब एका ओळीचा आहे: बीकरमधल्या पाण्याचं शोषण भागिले मूळ रंगीत पाण्याचं शोषण, गुणिले बीकरमधलं आकारमान. बीकरमध्ये 50 मिलिलिटर पाणी असेल आणि गुणोत्तर 0.0004 आलं, तर 0.02 मिलिलिटर, म्हणजे सुमारे 20 मिलिग्रॅम पाणी सोबत आलं. गुणोत्तर इतकं लहान असतं म्हणून मूळ रंग गडद घ्या आणि त्याचं शोषण विरळ करून मोजा. जीवानं रंग गिळला किंवा तो कवचाला लागला तर आकडा चुकतो, तेव्हा ही चाचणी प्रत्येक प्रजातीसाठी थोड्या जीवांवर करून बघा.

हवेत टिपून तोलण्याबद्दल एवढंच, की टिपण्याचा वेळ ठरवून घ्या आणि पाळा. कमी टिपलं तर पाणी राहतं, जास्त टिपलं तर शरीरातलं पाणीही निघू लागतं. डाफ्निया या पाण्यातल्या इवल्या कवचधारी जीवाच्या कवचाआड, शिंपल्याच्या पोकळीत आणि माशाच्या कल्ल्यांत अडकलेलं पाणी कुठलाच कागद पूर्ण काढत नाही.

बुडालेलं वजन: जिथे चिकटलेलं पाणी आड येत नाही

गोगलगाय, शिंपले, प्रवाळ अशा जड कवचाच्या किंवा सांगाड्याच्या जीवांसाठी पाण्याखालचं वजन हा फार सुंदर उपाय आहे. पाण्यात बुडालेल्या पाण्याला वजन नसतं. म्हणून अंगावरचं पाणी, कवचाच्या आतलं पाणी, यातलं काहीच आकड्यात उतरत नाही. वर सांगितलेली गोगलगायीची रचना आठवा: ती आधीपासून पाण्याखाली लोंबकळत आहे, तिथे काटा शून्य करा, मग दोरा सैल सोडून तिला तळावर टेकवा. काट्यावर चढलेला आकडा हेच बुडालेलं वजन. जाळी नाही, टिपणं नाही, आणि दोन वाचनांत काही सेकंदांचंच अंतर असल्यामुळे वाफेचाही त्रास नाही.

प्रवाळाचा सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका खनिजाचा असतो, घनता 2.93 धरतात. समुद्राचं पाणी 25 अंशांचं आणि 35 क्षारतेचं (किलोला सुमारे 35 ग्रॅम क्षार) असेल तर त्याची घनता 1.023. त्यावरून बुडालेल्या वजनाला 1.54 नं गुणलं की सांगाड्याचं कोरडं वजन मिळतं. बुडालेलं वजन 10 ग्रॅम, तर सांगाडा 15.4 ग्रॅम. प्रवाळाला न मारता त्याची वाढ महिनोन्‌महिने मोजता येते ती याच हिशोबावर.

पण इथे वेगळे शत्रू आहेत. बुडबुडा त्यातला पहिला. 1 मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा अर्धा मिलिग्रॅम उचलतो, 2 मिलिमीटरचा 4 मिलिग्रॅमहून जास्त. कवचाच्या तोंडापाशी, प्रवाळाच्या खाचांत तो दडून बसतो. मऊ ब्रशनं पाण्याखालीच हलकेच झटका, आणि पाणी आदल्या दिवसापासून खोलीत ठेवलेलं वापरा. थंड पाणी तापताना त्यातली हवा बुडबुडे होऊन जीवावरच बसते.

दुसरा शत्रू दोरा. दोरा पाण्याच्या पृष्ठभागाला जिथे छेदतो तिथे पृष्ठताण त्याला खाली ओढतो. 0.1 मिलिमीटर जाडीच्या धाग्यावर ही ओढ 2 मिलिग्रॅमच्या आसपास जाते, 0.5 मिलिमीटरच्या तारेवर 11 मिलिग्रॅमहून जास्त. नुसती ओढ असती तर ती शून्य करून निघून गेली असती, पण धागा किती भिजला यावर ती सारखी बदलते. बारीक नायलॉनचा एकेरी धागा वापरा, गाठ पाण्याच्या वर किंवा पूर्ण पाण्याखाली ठेवा आणि हाताचं तेल लागू देऊ नका.

तिसरं तापमान. जड कवचाला ते फारसं जाणवत नाही, पण मऊ शरीराला खूप. मऊ मांसाची घनता 1.05 धरली, तर गोड्या पाण्यात त्याचं बुडालेलं वजन खऱ्या वजनाच्या जेमतेम 5 टक्के उरतं. पाण्याची घनता 20 अंशांना 0.9982 असते आणि 30 अंशांना 0.9957. फरक पाव टक्का, पण तो त्या उरलेल्या 5 टक्क्यांवर पडतो आणि आकडा जवळपास 5 टक्क्यांनी हलतो. हवेची पिशवी असलेल्या माशाचं बुडालेलं वजन तर शून्याजवळच असतं. अशा जीवांसाठी ही पद्धत वापरू नका, बीकरच बरा.

फारच लहान जीव

1 मिलिमीटरच्या खाली ओलं वजन घेण्याचा हट्ट सोडून द्यावा, असं माझं मत आहे. तिथे मोजून घेतलेल्या जीवांचं एकत्र कोरडं वजन घ्या. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जीवाचं अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू कोरडं केल्यावर साधारण 2 मायक्रोग्रॅम भरतं. शंभर पिल्लं मिळून 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मायक्रोग्रॅम दाखवणारा काटा असेल तरच ते जमतं. फॉइलची वाटी आधी वाळवून तोला, जीव मोजून ठेवा, 60 अंशांना वजन बदलेनासं होईपर्यंत वाळवा, आणि ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात गार करून लगेच तोला. जीव नसलेल्या दोन-तीन वाट्या त्याच प्रवासातून न्या. त्यांचं वजन बदललं तर तो बदल जीवांचा नाही.

समुद्री जीवांत मीठ ही जास्तीची अडचण. वरच्या 1 मिलिमीटरच्या जीवावर शरीराच्या 73 टक्के पाणी चिकटलेलं असेल तर त्यात शरीराच्या वजनाच्या अडीच टक्के मीठ असतं. वाळल्यावर पाणी जातं, मीठ राहतं. शरीराचा कोरडा भाग 15 टक्के धरला तर त्यावर 17 टक्क्यांची भर पडली. यासाठी वाळवण्याआधी समुद्राच्या पाण्याइतक्याच परासरण दाबाच्या (म्हणजे जीवातलं पाणी आत-बाहेर होऊ न देणाऱ्या), 0.5 मोलर अमोनियम फॉर्मेटच्या द्रावणात एकदा झटपट धुतात. ते द्रावण वाळताना उडून जातं. साध्या पाण्यात धुतलं तर जीव फुगतो आणि शरीरातली द्रव्यं बाहेर येतात. फॉर्मेलिन किंवा अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या जीवांचं वजन ताज्या जीवांशी थेट ताडून पाहू नका, त्या द्रवांत वजन बदलतं.

अनिश्चितता कशी लिहायची

वीस पिल्लांच्या एका गटाचा हिशोब बघा. 1 मिलिग्रॅमच्या काट्यावर आकडा पूर्ण मिलिग्रॅममध्येच दिसतो, त्यामुळे दोन वाचनांतून येणारी अनिश्चितता सुमारे 0.4 मिलिग्रॅम. आणलेल्या पाण्याचा फेरीगणिक पसारा समजा 3 मिलिग्रॅम, वाफेची 1. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं तर 3.19 मिलिग्रॅम. आता दसपट नाजूक काटा आणला, म्हणजे 0.4 च्या जागी 0.04. उत्तर 3.16. सगळा खर्च करून 0.03 मिलिग्रॅम वाचले. तेच टिपण्याची शिस्त लावून पाण्याचा पसारा 3 वरून 1 वर आणला, तर उत्तर दीडच्या खाली येतं.

आणि एक गोष्ट सरासरीनं जात नाही. पाण्याचा पसारा पुन्हा पुन्हा मोजून आटोक्यात येतो, पण प्रत्येक वेळी एकाच बाजूला होणारी भर शंभर वेळा तोललं तरी तशीच राहते. ती रिकाम्या फेरीतून, मण्यांतून किंवा रंगातून काढून वजाच करावी लागते, आणि वजा केलेल्या आकड्याची स्वतःची अनिश्चितता पुन्हा बेरजेत घ्यावी लागते.

वहीत प्रत्येक सत्रासाठी मी हे लिहितो: काटा आणि त्याचा शेवटचा अंक, बीकरच्या तोंडाचा व्यास, पाण्याचं तापमान आणि क्षारता, जाळी कोणती, टिपायचे सेकंद, हात कुणाचा, रिकाम्या फेऱ्यांचे दहाही आकडे, मण्यांचं कोरडं आणि ओलं वजन. न सुधारलेलं वजन आणि सुधारलेलं वजन दोन वेगळ्या रकान्यांत. मूळ आकडा कधीही खोडायचा नाही.

तुमच्याकडे जुनी नोंद असेल आणि तेव्हा रिकाम्या फेऱ्या घेतल्या नसतील, तरी ती टाकून देऊ नका. तीच जाळी आणि तोच माणूस मिळत असेल तर आज मण्यांवर वीस फेऱ्या करा, प्रत्येक आकाराच्या मण्यांसाठी वेगळ्या. त्यातून मिळालेली भर जुन्या वजनांतून सरळ वजा करू नका, कारण तेव्हाचा हात आज तसाच असेल याची खात्री नाही. ती एक मर्यादा म्हणून शेजारी लिहा, आणि वाढीचा दर दोनदा काढा: एकदा पाणी शून्य धरून, एकदा मण्यांतून आलेलं सगळं पाणी धरून. दोन्ही उत्तरांनी निष्कर्ष तोच राहत असेल तर ती नोंद वापरण्याजोगी आहे. बदलत असेल, तर नव्यानं तोलायला पिल्लांची पुढची खेप धरा.